पियानोवर ‘तयारी’ म्हणजे नक्की काय?

गेल्या महिन्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात माझ्या भाचीच्या पियानो क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला. भाची दहावीला आहे. तिनं शोपाँ या पोलिश रचनाकाराची ‘फँटेसी इम्प्रॉम्प्टू’ वाजवली. साधारण पाच मिनिटांची रचना. पहिला आणि तिसरा भाग सुसाट, मधला संथ, गाण्यासारखा. शेवटचा स्वर विरायच्या आतच टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाहेर चहाच्या टेबलापाशी काका म्हणाले, “पोरीची तयारी आहे, वादच नाही. पण मधे गायची वेळ आली तेव्हा ती गायलीच नाही.” काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत आणि चाळीस वर्षं तबला वाजवतायत. शेजारी उभे असलेले एक पालक दुखावले. “अहो, एवढ्या स्पीडला एक चूक नाही! आणखी काय पाहिजे?” चहा गार होईपर्यंत दोघांचं चाललं होतं. भाची प्लेट हातात धरून ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

हा वाद पियानोइतकाच जुना आहे. पॅरिसमध्ये १८३०च्या दशकात तो दिवाणखान्यांत चालायचा, आज स्पर्धांच्या परीक्षकांत चालतो. आपल्याकडे गवयांच्या बैठकीनंतर जो चालतो तोही हाच: गळा फिरतो झकास, पण स्वर लागतो का? मी मुळात हार्मोनियमवाला, पियानोकडे तिशी उलटल्यावर वळलो. तेव्हापासून या प्रश्नानं माझी पाठ सोडलेली नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. पियानोवर भाव आणि तंत्र अशी दोन खाती नसतात. ज्याला आपण भाव म्हणतो तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो बोटांच्या फार बारीक कामातून, आणि ते काम वेगापेक्षा अवघड आहे. हे पटायचं असेल तर आधी पियानोच्या पोटात डोकवावं लागतं.

मला ती संधी देवळालीत मिळाली. एका ओळखीच्यांच्या जुन्या बंगल्यात उभा पियानो आहे. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, एप्रिलमध्ये कोरडं पडतं, त्यामुळे तो वर्षातून दोनदा तरी उतरतो आणि जुळणीसाठी मुंबईहून कारागीर बोलवावा लागतो. एकदा त्यानं पुढची फळी काढली आणि मला म्हणाला, “साहेब, मधली एक पट्टी अगदी हळू दाबा. एकदम हळू.” मी दाबली. पट्टी सेंटिमीटरभर खाली गेली, तळाला टेकली. आवाज आलाच नाही. पुन्हा दाबायला लावली आणि आत बघायला सांगितलं. नमद्यानं मढवलेली छोटी हातोडी तारेच्या दिशेनं आली आणि तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर असतानाच मागच्या कळीतून सुटून मागे पडली. जोरात दाबली तेव्हा तीच हातोडी सुटली, पण वेगानं पुढे जाऊन तारेवर आदळली आणि लगेच परतली.

पियानोचं सगळं मर्म त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे. फ्लॉरेन्सच्या बार्टोलोमेओ क्रिस्टोफोरीनं १७००च्या सुमारास हे वाद्य केलं तेव्हा त्यानं नेमकी हीच अडचण सोडवली होती. हातोडी तारेला चिकटून राहिली तर तार दबून जाईल, म्हणून शेवटच्या क्षणी ती मोकळी व्हायला हवी. मोकळी झाली की वादकाचा तिच्यावर काही ताबा उरत नाही. गोफणीतून दगड सुटल्यासारखं. त्यानंतर पट्टीवर बोट थरथरवा, दाबून धरा, डोळे मिटून डोलत राहा, त्या स्वराला आता ते कळणार नाही.

गायकाला स्वर लावल्यानंतर तो फुलवता येतो. सतारीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, घेता येते. हार्मोनियमवर मींड नाही. स्वर पट्टीत अडकलेले आहेत अशा आक्षेपांमुळे आकाशवाणीनं १९४० पासून सुमारे तीन दशकं हार्मोनियमला दूर ठेवलं. पण हार्मोनियमला निदान भाता आहे, लावलेला स्वर भात्यानं वाढवता येतो. पियानोला तोही आधार नाही. पियानोचा स्वर जन्मल्या क्षणापासून फक्त विरत जातो.

मग वादकाच्या हातात उरतं काय? हातोडी किती वेगानं सुटली, कोणत्या क्षणी सुटली, आणि तारेवरचा आवाज बंद करणारी गादी, म्हणजे डॅम्पर, किती वेळानं खाली आला. त्याच्या जोडीला पायातलं पेडल. उजवं पेडल दाबलं की सगळे डॅम्पर एकदम वर उचलले जातात आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा मोकळ्या होतात. एक वाजली की तिच्या नात्यातल्या बाकीच्या आपोआप गुणगुणतात, सतारीच्या तरफांसारख्या. बस्स. जगातल्या कुठल्याही थोर पियानोवादकाकडे याहून जास्त साधन नाही.

यावरून भौतिकशास्त्राची माणसं आणि पियानोवाले विसाव्या शतकात बरेच भांडले. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की सुट्या एका स्वराचा विचार केला तर हातोडीचा वेग सारखा असल्यावर बोट कुणाचं होतं यानं फरक पडत नाही. हातोडी वेगानं आदळली की नमदा जास्त दबून कडक होतो, म्हणून आवाज मोठाही होतो आणि चकचकीतही. म्हणजे सुट्या स्वरात मोठेपणा आणि रंग एकमेकांना बांधलेले असतात. बोट पट्टीवर आपटण्याचा, पट्टी तळाला टेकण्याचा बारीक ठक आवाज असतो, तो काय तो वेगळा. पियानोवाले म्हणतात, मग या वादकाचा नाद मधासारखा आणि त्याचा पत्र्यासारखा का वाटतो?

मला दोघांचंही पटतं, कारण संगीतात स्वर सुटा कधी येतच नाही. तो शेजाऱ्यांबरोबर येतो.

एकाच वेळी तीन-चार पट्ट्या दाबल्या की होते ती कॉर्ड. चारही स्वर सारख्याच जोरानं वाजले तर कानाला एक जाड ढेकूळ ऐकू येतं. त्यातला वरचा, म्हणजे धुनेचा स्वर, थोडासा पुढे आणला की एकदम माणूस गातोय असं वाटतं आणि बाकीचे तीन स्वर त्याच्या मागे साथीला बसतात. भजनात टाळ फार वाजले की बुवा बुडतात, तसंच आहे हे. पण इथे बुवा आणि टाळकरी एकाच पंजात बसलेले असतात, आणि वरचा स्वर बहुतेक वेळा करंगळीच्या वाट्याला येतो. पंजातल्या सगळ्यात दुबळ्या बोटानं सगळ्यात ठाम बोलायचं आणि अंगठ्यासारख्या दांडग्या बोटानं कुजबुजायचं, तेही एकाच क्षणी. वादनाची बारीक मोजमापं झाली आहेत, त्यांत दिसतं की असा पुढे आणलेला स्वर बाकीच्यांच्या आधी दोन-तीन शतांश सेकंद वाजतो, कारण त्याची हातोडी वेगानं गेलेली असते. ऐकणाऱ्याला हे मागेपुढे वाजणं वेगळं कळत नाही. त्याला फक्त “नाद काय गोड आहे” एवढंच जाणवतं.

आता मधल्या संथ भागाकडे येऊ, जिथे काकांना गाणं सापडलं नाही. विरत जाणाऱ्या स्वरांतून सलग ओळ कशी काढायची? संतूरपुढे हाच प्रश्न होता. शिवकुमार शर्मांनी १९५५ साली मुंबईत ते वाद्य शास्त्रीय मंचावर आणलं तेव्हा आक्षेप हाच निघाला की तुटक ठोक्यांच्या वाद्यावर आलापी होणार कशी. त्यांनी कलम, म्हणजे वाजवायच्या काड्या, तारांवर घासत, सरकवत नेण्याची रीत काढली आणि स्वर स्वरात मिसळला. भावाची गरज आधी आली, तिच्यासाठी हाताचं तंत्र नंतर घडवलं गेलं.

पियानोवर ही फसवणूक (मी चांगल्या अर्थानं म्हणतोय) अशी होते. पहिला स्वर वाजला, अर्ध्या सेकंदात तो बराच विरला. पुढचा स्वर पहिल्याच्या मूळ ताकदीनं वाजवला तर तो नवा ठोका वाटतो. पहिला जिथवर विरलाय, साधारण तेवढ्याच आवाजात पुढचा सुरू केला तर कान दोघांना जोडून घेतो. म्हणजे बोटाला आधीच्या स्वराचं शेपूट ऐकत बसावं लागतं आणि त्यावरून पुढच्या हातोडीचा वेग ठरवावा लागतो. प्रत्येक स्वराला, दर वेळी नव्यानं, कारण हा पियानो वेगळा, हॉल वेगळा, आजची हवा वेगळी. शोपाँ आपल्या शिष्यांना इटालियन ऑपेराचे गायक ऐकायला सांगायचा ते याचसाठी. जे वाद्य गाऊ शकत नाही त्यावर गायचं तर गाणं कानात आधी असावं लागतं.

लयीचंही तसंच. शोपाँच्या संगीतात ‘रुबातो’ म्हणून एक गोष्ट सांगतात, आणि पुष्कळ विद्यार्थी तिचा अर्थ मनाला येईल तिथं ओढाताण करणं असा घेतात. शोपाँची शिकवण वेगळी होती. डावा हात वाद्यवृंदाचा संचालक, तो लय सांभाळतो. उजवा हात मोकळा, तो थोडा रेंगाळेल, थोडा पुढे पळेल. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग हे तर आमचंच आहे की!” ठेका सरळ चालू असतो, गवई लयीशी खेळत आडवातिडवा जातो आणि समेवर येऊन भेटतो. तबला डगमगला तर गवयाच्या खेळण्याला अर्थच राहत नाही. त्यामुळे मुलांना “फीलिंगनं वाजव” असं सांगणं मला अर्धवट वाटतं. आधी डावा हात घड्याळासारखा स्थिर करणं हे शुद्ध तंत्र आहे, आणि त्याच्याशिवाय उजव्या हाताचा भाव नुसता बेताल होतो.

भाचीच्या रचनेत तर डाव्या-उजव्याचं गणितच मुलखावेगळं आहे. सुसाट भागात एका मात्रेत उजव्या हाताचे चार स्वर आणि त्याच मात्रेत डाव्याचे तीन. आपल्या भाषेत डावा हात उजव्याच्या पाऊणपटीनं चालतो. काकांनी टेबलावर दोन्ही हातांनी वाजवून बघितलं आणि पालकांकडे वळून म्हणाले, “तुमचंही खरंय हो. हे सोपं नाही.” त्या दिवशीचा वाद तिथं निवळला. आता मूळ प्रश्न. एवढं अवघड लिहायचंच कशाला? नुसतं चकित करायला?

काही वेळा होय. निकोलो पगानिनीनं व्हायोलिनवर युरोप वेडा केला होता. १८३२ साली पॅरिसमध्ये त्याला ऐकून विशीतला पियानोवादक फ्रान्झ लिस्ट झपाटला. त्या वसंतातल्या एका पत्रात तो लिहितो की आपण रोज चार-पाच तास तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या जोड्या, सप्तकं, एकाच स्वराची पुनरावृत्ती असा रियाज करतो. त्याच पत्रात तो होमर, बायबल, प्लेटो, बायरन, ह्यूगो यांची नावं घेतो आणि बीथोवन, बाख, मोत्सार्ट यांचा अभ्यास करतोय असंही सांगतो. पगानिनीच्या गोष्टीतला बोटांचा भाग सगळे सांगतात, पत्रातला हा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण गाळतात. तो गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढे ३१ मार्च १८३७ ला पॅरिसमध्ये राजकन्या बेलजोयोसोच्या घरी लिस्ट आणि दुसरा पियानोवादक सिगिस्मुंड थालबर्ग यांचा सामना रंगला. थालबर्गची खासियत अशी की त्याला तीन हात आहेत असं ऐकणाऱ्याला वाटायचं. तो दोन्ही अंगठ्यांनी आळीपाळीनं मधली धून गायचा आणि उरलेली बोटं वरखाली स्वरांचे फवारे उडवायची. पेडलमुळे धून तुटत नसे. लोक बघायला यायचे चमत्कार म्हणून. पण चमत्काराच्या आत होती ती मघाचीच गोष्ट, धून पुढे आणि साथ मागे, फक्त कमालीच्या गर्दीत.

लिस्टनं स्वतः या प्रश्नाचं उत्तर कसं दिलं ते त्याच्या ‘ट्रान्सेंडेंटल’ एत्यूदमध्ये दिसतं. एत्यूद म्हणजे अभ्यासरचना. पंधराव्या वर्षी, १८२६ मध्ये, त्यानं ती पहिल्यांदा साध्या रूपात प्रसिद्ध केली. १८३७ मध्ये ती जवळजवळ अमानुष अवघड केली. आणि १८५२ च्या शेवटच्या आवृत्तीत त्यानं ती पुन्हा सोडवली, स्वरांची गर्दी छाटली, श्वासाला जागा केली. आज मैफलीत वाजते ती ही शेवटची आवृत्ती. नाशिककरांना छाटणीचं मोल वेगळं सांगायला नको. द्राक्षबाग जशी फुटेल तशी वाढू दिली तर पानं भरपूर येतात. लिस्टची १८३७ ची आवृत्ती पाहिली की मला ते आठवतं. पस्तिशीत, १८४७ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना त्यानं पैसे घेऊन मैफली करत फिरणं थांबवलं आणि लिहिण्या-शिकवण्याकडे वळला.

म्हणजे वेग हा दुय्यम, असं मात्र मी म्हणणार नाही. संथ म्हणजे भावपूर्ण आणि जलद म्हणजे कोरडं, हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे. शोपाँच्या दुसऱ्या सोनाटामध्ये, म्हणजे अनेक भागांच्या एका मोठ्या रचनेत, प्रसिद्ध शवयात्रेची धून आहे. तिच्यानंतर येतो तो शेवटचा भाग जेमतेम दीड मिनिटाचा. दोन्ही हात एकाच चालीनं, एका सप्तकाच्या अंतरानं, विलक्षण वेगात धावतात. धून म्हणावी असं काही हाती लागत नाही. आणि सूचना लिहिली आहे दबक्या आवाजात, सलग वाजवण्याची. अंत्ययात्रा आटोपून सगळे घरी गेल्यावर मागे उरलेला वारा, असं काहीतरी ऐकू येतं. हा भाग जोरात, एकेक स्वर चमकवून वाजवला की उत्तम व्यायाम होतो, आणि तो वारा नाहीसा होतो. एवढ्या वेगात एवढं हळू वाजवणं ही बोटांची कसोटी आहे, आणि ती पार केल्याशिवाय त्या भागाचा भाव येतच नाही. तिथे तंत्र कुठे संपलं आणि भाव कुठे सुरू झाला ते मला सांगता येणार नाही.

शोपाँच्या एत्यूदही अशाच. ऑपस १० मधली पहिली, त्यानं लिहून ठेवलेल्या लयीत वाजवली तर उजव्या हाताला सेकंदाला जवळपास १२ स्वर पडतात. पंजा सतत ताणला जातो. पण डाव्या हाताची संथ, खर्जातली चाल ऐकत गेलं तर ती रचना प्रार्थनेसारखी वाटते. ऑपस १० हा संच त्यानं लिस्टला अर्पण केला. कार्ल चेर्नी किंवा हॅनन यांचे व्यायाम वेगळे. हॅननचे १८७३ साली निघालेले ६० व्यायाम म्हणजे आपले पलटे. ते बोटं मोकळी करतात, एवढंच त्यांचं काम. पलट्यांना नावं ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की ग्वाल्हेरची शिस्त गायनवर्गांत रुजवणारे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आयुष्याच्या उत्तरार्धात याच नाशिकला, पंचवटीत रामनामात रमले, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय इथंच १९२१ मध्ये जन्मले. द. वि. पलुसकरांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. तान येते ती मोजकी, स्वच्छ, आणि आली तशी स्वरात मिसळून जाते. एवढा संयम तयारीशिवाय येत नाही. ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्यालाच थोडं वापरणं परवडतं.

मग हा वाद संपत का नाही? मला वाटतं कारण साधं आहे. चूक मोजता येते, भाव मोजता येत नाही. आणि जे मोजता येतं त्याच्या बाजूनं तराजू झुकत जातो.

ध्वनिमुद्रणानं हे आणखी वाढवलं. पियानोवादक आर्तुर श्नाबेलनं १९३२ ते १९३५ या काळात बीथोवनचे सगळे ३२ सोनाटा मुद्रित केले, असं करणारा तो पहिला. तेव्हा तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची आणि मधला तुकडा कापून दुरुस्त करण्याची सोय नव्हती. त्या तबकड्यांत चुकीचे स्वर चक्क ऐकू येतात. तरीही ऐंशी-नव्वद वर्षांनंतर लोक त्या शोधून ऐकतात. नंतर टेप आली, कापून जोडता येऊ लागलं. पियानोवादक व्लादिमिर होरोविट्झ बारा वर्षं मैफलींपासून दूर राहून ९ मे १९६५ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या मंचावर परतला तेव्हा सुरुवातीच्याच क्षणांत काही स्वर चुकले. पुढे बाजारात आलेल्या तबकडीत त्यातल्या काही जागा सुधारलेल्या होत्या. अशा सुधारलेल्या तबकड्या ऐकत दोन-तीन पिढ्या वाढल्या आणि निर्दोष वाजवणं ही किमान अट होऊन बसली. धोका पत्करायचा तर चूक होणार, आणि चूक तर चालत नाही. मग वादक सुरक्षित वाजवतो. काकांच्या भाषेत, तिहाईचा धोकाच घेत नाही.

स्पर्धांचं आणखी वेगळं. वॉर्सात १९२७ पासून शोपाँ स्पर्धा होते, सहसा पाच वर्षांतून एकदा. १९८० साली युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच तिथं आला. हात इतके तयार की त्याबद्दल शंका नव्हती. पण त्याची लय, त्याचे जोर, त्याची मांडणी अनेक परीक्षकांना मान्य होईना. तो अंतिम फेरीत गेला नाही. १९६५ ची विजेती मार्था आर्गेरिच परीक्षक होती, ती निषेध म्हणून मंडळातून बाहेर पडली. पहिलं बक्षीस व्हिएतनामच्या डांग थाय सोनला मिळालं आणि तोही उत्तम वादक आहे. या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की वाद बोटांवरून झालाच नाही. तो भावावरूनच झाला: हा भाव शोपाँचा की पोगोरेलिचचा? तंत्र पुरेसं झालं की पुढचा प्रश्न हाच येतो.

याचं दुसरं उदाहरण कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड. बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ त्यानं १९५५ मध्ये सुमारे ३८ मिनिटांत मुद्रित केली आणि १९८१ मध्ये सुमारे ५१ मिनिटांत. दुसऱ्या वेळी त्यानं पुनरावृत्ती थोड्या जास्त घेतल्या आहेत, पण फरक तेवढ्यानं भरून निघत नाही. तोच माणूस, तेच नोटेशन, तीच बोटं. पहिल्या मुद्रणात तारुण्याचा उत्साह उसळतो, दुसऱ्यात सुरुवातीची धून इतकी सावकाश येते की दोन स्वरांच्या मधली शांतताही वाजवल्यासारखी वाटते. यात कुठलं तांत्रिक आणि कुठलं भावपूर्ण, हे ठरवायला बसलात तर उत्तर मिळणार नाही.

आपल्या मुलांच्या परीक्षांकडे वळतो, कारण नाशिकमध्ये हा प्रश्न बहुतेक घरांत तिथूनच शिरतो. लंडनच्या एबीआरएसएम या मंडळाच्या परीक्षेत वाजवलेल्या प्रत्येक रचनेला ३० गुण असतात. परीक्षक स्वरांची अचूकता, लय, नाद, घाट आणि एकूण सादरीकरण अशा पाच अंगांनी ऐकतो. म्हणजे खुद्द परीक्षाही अचूकतेला पाचातलं एक अंग मानते. घरी मात्र आपण एकच विचारतो, “कुठं चुकलं तर नाही ना?” मीही भाचीला कार्यक्रमाआधी तेच विचारलं होतं. आता विचारत नाही. त्याऐवजी आम्ही एक खेळ करतो. एकच रचना दोन वादकांची लावायची आणि पहिल्या ऐकण्यात फक्त डाव्या हाताकडे कान द्यायचा. दुसऱ्यांदा ओळ संपते तिथं काय होतं ते ऐकायचं: स्वर कापला जातो की विरू दिला जातो, पेडल कधी सुटतं. गायन-वादन ऐकायची सवय असलेल्या माणसाला यासाठी पाश्चात्त्य संगीताचं एक अक्षरही शिकावं लागत नाही.

कार्यक्रमानंतर भाचीच्या मिसनी तिला वेगळंच काम दिलं. त्या रचनेच्या अगदी शेवटी, उजवा हात वर बारीक झुळझुळत असताना, मधल्या भागाची धून डाव्या हातात खाली परत येते, मोठ्या, सावकाश स्वरांत. कार्यक्रमात ती कुणालाच ऐकू आली नव्हती, उजव्या हाताच्या धबधब्यात बुडून गेली होती. मिसनी सांगितलं, दोन आठवडे उजवा हात मांडीवर ठेवायचा.

परवा काका घरी आले तेव्हा ती तेच करत बसली होती, एका हातानं, खालचे चार-पाच स्वर, प्रत्येकाचं शेपूट ऐकून पुढचा. काका चप्पल काढता काढता दारातच थांबले. “अगं, ही तर मघाची धून!” ती म्हणाली, “मघाची नाही आजोबा, महिन्यापूर्वीची. तेव्हाही वाजवली होती.” काका तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “आता उजवा हात घाल. पण ही मला ऐकू आली पाहिजे.” तिनं घातला. तिसऱ्या स्वराला धून बुडाली. तिनं हात उचलला, पेडल सोडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.